लाल कॅलिपरची गाडी

"बाबा, ज्या गाडीला कधी धावायचंच नाही, तिला ब्रेक कशाला लागतात?"

प्रश्न माझाच होता, पण तो तोंडातून बाहेर काढायला लावला माझ्या वर्गातल्या रोवैदा आणि जोमानाने. मधल्या सुट्टीत दोघींनी मला नळापाशी गाठलं. रोवैदा म्हणाली, "विचारशील? तेही एकटे असताना नाही हं, माणसं बसलेली असताना." जोमाना म्हणाली, "ही कसली विचारतेय? हिची जीभ घराच्या उंबऱ्यापर्यंतच चालते." मागच्या वर्षीची शाहंदा असती तर मान खाली घालून चिप्स खात बसली असती. पण यंदा मी वादस्पर्धेत तीन शाळांच्या पोरांना गप्प करून आले आहे, आणि एकदा तोंड उघडायची चटक लागली की ते मिटायचं जिवावर येतं.

म्हणून गुरुवारी संध्याकाळी, खालच्या मजल्यावरचे कॅप्टन ताहा चहाला आलेले असताना, मी विचारलं.

आमच्या गल्लीत प्रत्येकाला पदवी असते हे आधी सांगते. ताहाकाकांनी उभ्या आयुष्यात जहाज चालवलेलं नाही, ते क्लबात पोरांना पोहायला शिकवायचे, म्हणून कॅप्टन. कोपऱ्यावर औषधं विकणारे वजदी ते डॉक्टर. आणि ज्याच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर दिसेल तो बाशमुहंदिस, म्हणजे इंजिनिअरसाहेब. त्यात माझे बाबा, फिक्री, हे खरेखुरे बाशमुहंदिस. कागद भिंतीवर चौकटीत आहे. फक्त त्यांचं सगळं इंजिनिअरिंग कालव्यांचं. पाणी उताराकडे जातं, हे गेली वीस वर्षं सरकार त्यांना पगार देऊन पटवून देतंय.

माझा प्रश्न ऐकून कॅप्टनच्या दातांतली भोपळ्याची बी दातांतच राहिली. बाबांनी चहाचा ग्लास खाली ठेवला.

आता गाडीबद्दल. आमची गाडी पांढरी आहे, असं आम्ही मानतो, कारण ती बाराही महिने राखाडी कव्हराखाली असते. बाबा ऑफिसला खात्याच्या बसने जातात. गाडी निघते ती शुक्रवारी मासळी आणायला आणि ईदला दमनहूरला आजोळी जायला. एरवी ती आमच्या बाल्कनीखाली उभी राहून समुद्राची हवा खाते. आणि समुद्र तिला खातो. आमच्या मंदरा भागात समुद्र दोन गल्ल्या सोडून आहे. तो खिडक्यांचे गज खातो, बिजागऱ्या खातो, बाल्कनीतल्या कपड्यांचे चिमटेसुद्धा सोडत नाही. मग रिकाम्या उभ्या गाडीच्या ब्रेकच्या डिस्कने त्याचं काय घोडं मारलंय? चाकाआड ताटलीएवढी लोखंडी चकती असते ती डिस्क. आणि तिला दोन्ही बाजूंनी कचकन चावून चाक थांबवणारा जबडा असतो, तो कॅलिपर. जबड्यात दातांच्या जागी पॅड असतात. एवढं कळलं की पुढचं सगळं कळेल. बाबांना एवढं कळलं असतं तर ही गोष्टच घडली नसती.

आणि आईबद्दल. आईला गेल्या वसंतात लायसन्स मिळालं. पहिल्याच फेरीत. बाबांना ते मिळायला तीन फेऱ्या लागल्या होत्या, पण हे आमच्या घरात कोणी बोलत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते. आई असाफरातल्या रक्त तपासायच्या लॅबमध्ये आहे. तिथले मोठे डॉक्टर आता बोर्ग अल-अरबला नवी शाखा काढताहेत आणि तिची प्रमुख म्हणून त्यांना आईच हवी आहे. होय की नाही ते रविवारी सांगायचं. बोर्ग अल-अरब म्हणजे शहराचं दुसरं टोक ओलांडून आणखी पुढे. मश्रूने, म्हणजे त्या माणसं कोंबलेल्या पांढऱ्या मिनीबसने, तीनदा बदलत गेलं तर आई पोचेपर्यंत उपाशीपोटी रक्त द्यायला आलेली माणसं चक्कर येऊन पडलेली असतील. गाडी असेल तरच होय. नसेल तर नाही.

तर महिनाभर आई चावी मागत होती आणि महिनाभर बाबा एकच उत्तर देत होते. "ब्रेकला गंज चढलाय, सोहैर. गंजलेल्या ब्रेकवर मी तुला वाळवंटाच्या रस्त्यावर सोडू? माझ्या जिवाची आहेस तू." आता एवढ्या प्रेमाशी माणसाने भांडावं तरी कसं?

म्हणून तो प्रश्न.

"ही भाषा कुठून शिकलीस?" बाबा म्हणाले.

"पोरगी चुकीचं नाही बोलत, बाशमुहंदिस," कॅप्टनने बी गिळली. "मला तर वाटलं होतं कव्हराखाली गाडी नाही, घरातलं जुनं कपाट आहे."

बाबांचे कान तांबडे झाले. आमच्याकडे माणूस बायकोचं ऐकत नाही, मुलीचं तर नाहीच, पण शेजारी हसला की लगेच ऐकू येतं. ते ताठ बसले आणि म्हणाले, "उद्या शुक्रवार. नमाजहून आलो की मी स्वतः ब्रेकला हात घालणार. गंज काढणार, कॅलिपर रंगवणार. आणि ब्रेक झाले की चावी सोहैरच्या हातात. कॅप्टन, तुम्ही साक्षीला."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात मुलुखियाच्या भाजीची पानं चिरायची ती अर्धगोल सुरी. "रविवारच्या आधी?" तिने विचारलं.

"उद्या म्हटलं ना."

"उद्या सुरू करणार म्हटलंस. संपणार कधी, ते विचारतेय."

"सोहैर, माणसांसमोर वकिली करू नकोस."

मी ग्रुपवर लिहिलं, विचारला. रोवैदाने टाळ्यांची रांग पाठवली. जोमानाने मात्र एक कामाची गोष्ट सांगितली. तिची आई रोज गाडी चालवते. हिवाळ्यात वादळी रात्र झाली की सकाळी डिस्कवर तांबूस गंज असतोच. पहिल्या चार-पाच ब्रेकना खरखर होते, मग चकती आरशासारखी. "तुझ्या बाबांना सांग, गाडी चालवली की गंज जातो. घासायचं काय त्यात?"

मी ते वाचून खूप वेळ हसले. गंज का चढतो? गाडी उभी असते म्हणून. गाडी उभी का असते? गंज चढलाय म्हणून. माझे बाबा या गोलात वर्षभर सुखाने फिरत होते, आणि तेही पेट्रोल न जाळता.

शुक्रवारी नमाजनंतर गल्लीत प्रयोग मांडला गेला. कडेच्या रांगेत चाक काढायला जागा नाही, म्हणून बाबांनी गाडी दुसऱ्या रांगेत घेतली, बाहेरच्या अंगाला. जॅक, पान्हा, तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, स्प्रेचे दोन डबे, आणि आईची लोणच्याच्या व्हिनेगरची अख्खी बाटली. पुढची दोन्ही चाकं उतरली. डिस्कवर गंज होता, नाही म्हणत नाही. पण दालचिनीची पूड भुरभुरावी इतकाच.

"बापरे, किती खोल गेलाय," बाबा म्हणाले.

"बाबा, जोमानाची आई म्हणते की चार ब्रेक मारले की..."

"जोमानाची आई इंजिनिअर आहे?"

"नाही, पण तिची गाडी चालते."

"शाहंदा, पॉलिश पेपर दे आणि गप्प बस."

मी पॉलिश पेपर दिला. गप्प बसणं मात्र जमण्यासारखं नव्हतं, कारण एव्हाना गल्ली जमली होती. आमच्याकडे एका माणसाने पान्हा उचलला की दहा माणसं सल्ला उचलतात. कॅप्टन म्हणाले, व्हिनेगरपेक्षा लिंबू बरं. डॉक्टर वजदी दुकानातून येऊन म्हणाले, लिंबूबिंबू काही नाही, कोला ओता, पोटाचं जे करतो ते गंजाचं करील. अम्म शिहाता, म्हणजे आमच्या इमारतीचे दारवान शिहाताकाका, म्हणाले की आपण काही बोलणार नाही, आणि त्यानंतर सर्वात जास्त तेच बोलले. वरच्या बाल्कनीतून हाग्गा, म्हणजे हज करून आलेल्या, एन्साफ उंटावरून शेळ्या हाकत होत्या. "फिक्री, बाळा, कमरेला पट्टा बांध आधी. लोखंड राहील जागेवर, कंबर जाईल."

बाबा घासत होते. खरं सांगायचं तर घासताना ते छान दिसत होते. केसांत धूळ, नाकावर काळा डाग, आणि चेहऱ्यावर ते समाधान, जे घरातला नळ गळत असताना कधीच दिसत नाही. नळ आईने दुरुस्त करून घेतला होता. नळाकडे बघायला गल्ली जमत नाही ना.

मग रंग. एक डबा लाल, कॅलिपरसाठी.

"लाल कशाला?" आईने बाल्कनीतून विचारलं.

"शर्यतीच्या गाड्यांना असतो."

"आपली शर्यत कोणाशी आहे? मासळीवाल्याशी?"

लोक हसले. बाबांनी डबा जोरजोरात हलवला, म्हणजे आतल्या गोळीच्या खडखडाटात हसू ऐकू येऊ नये. आणि त्यांनी कॅलिपर रंगवला. काढून नाही, जागेवरच. चिकटपट्टी लावून नाही, तसाच. जबड्याच्या फटीत, पॅडच्या कडेला, बारीक सांध्यांत, जिथे म्हणून वाऱ्याने नेला तिथे तो लाल रंग गेला. तरीही इथवर ठीक होतं. मग त्यांनी दुसरा डबा उचलला. चंदेरी.

"हा कशाला?" मी विचारलं.

"डिस्कला. एकदा रंग बसला की गंज पुन्हा येणारच नाही. मुळावरच घाव."

"बाबा, पण पॅड डिस्कलाच चावतो ना? दातांना नखांचं पॉलिश लावून भाकरी चावायला बसल्यासारखं होईल ते."

"सहाशे अंश उष्णता सोसतो हा रंग. डब्यावर लिहिलंय."

"उष्णतेचं कुठे विचारतेय मी? घसरण्याचं विचारतेय."

"घरात जा आणि अभ्यास कर."

मी गेले नाही. दोन्ही चकत्या दोन्ही अंगांनी चंदेरी झाल्या. कॅप्टन म्हणाले, "वा, लग्नातल्या ताटासारखी दिसतेय." बाबा फुलून आले. आणि त्या भरात त्यांनी सर्वात मोठी कमाल केली. चाकं चढवली, गाडी खाली घेतली, आत बसले आणि दाब नीट बसतोय का ते बघायला ओल्या रंगावर ब्रेक दाबला. चांगला दोन-तीनदा. मग समाधानाने उतरले, गाडी दुसऱ्या रांगेत तशीच ठेवली, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक न ओढता, रिवाजाप्रमाणे.

हा रिवाज कळायला हवा. गल्लीत गाड्या जास्त आणि कडा कमी, म्हणून लोक दुसरी रांग लावतात. पण हँडब्रेक सोडून. आतल्या रांगेतल्याला निघायचं असलं की तो तुमची गाडी हाताने थोडी पुढे ढकलतो, आपली काढतो, आणि भलं माणूस असेल तर तुमची परत जागेवर आणतो. कोणाला हाक मारायला नको, कोणाची झोप मोडायला नको. दुसऱ्या रांगेत हँडब्रेक ओढून जाणारा माणूस आणि मयताच्या घरी न जाणारा माणूस आमच्याकडे एकाच तागडीत तोलतात.

रात्री जेवताना आईने हात पुढे केला. "चावी."

"कसली?"

"ब्रेक झाले ना?"

"झाले. पण रंग मुरायला हवा," बाबा माशाचे काटे काढत म्हणाले. "आठवडाभर तरी गाडीला हात लावायचा नाही. पुढच्या शुक्रवारी बघू."

"रविवार परवा आहे, फिक्री."

"मग मी काय रंगाला सांगू, लवकर वाळ म्हणून?"

आईने सॅलडसाठी काकडी घेतली आणि कापायला लागली. काकडीचा एवढा बारीक कीस मी आजवर पाहिला नव्हता.

शनिवारी सकाळी गल्लीतून "ढकला, ढकला" ऐकू आलं. मी बाल्कनीत गेले. डॉक्टर वजदी सूट घालून, अंगावर अत्तर मारून आमच्या गाडीला टेकले होते. त्यांची सासू काहिराहून सीदी गाबर स्टेशनवर उतरणार होती, आणि त्यांची गाडी आमच्या गाडीमागे आतल्या रांगेत अडकली होती. आधी त्यांनी एका हाताने ढकललं, जसं रोज ढकलतात. मग दोन्ही हातांनी. मग पाठ लावली. गाडी ढिम्म.

डॉक्टरांनी काचेतून आत डोकावलं. हँडब्रेक खाली होता. तरी ते वर बघून म्हणाले, "शाहंदा, पोरी, बाबांना म्हणावं हँडब्रेक ओढलाय बहुतेक."

एवढं पुरलं. हँडब्रेक हा शब्द गल्लीत असा पसरला जसं कोणी चोरीचं नाव घ्यावं. एका बाल्कनीतून बाई म्हणाली, "बाशमुहंदिस फिक्रीने? शक्य नाही." दुसरीतून आवाज आला, "शिकलेली माणसंच असं करतात."

बाबा पायजम्यावर, अर्ध्या गालाला दाढीचा फेस तसाच, जिन्याने खाली पळाले. "ओढलेला नाही," ते म्हणाले. "अल्लाशपथ ओढलेला नाही. या, आत बसून बघा. आयुष्यात ओढला नाही मी."

"मग गिअरमध्ये असेल," कॅप्टन म्हणाले.

"न्यूट्रल आहे."

"मग ढकलू या. एक, दोन, आणि..."

ढकललं. कॅप्टन, डॉक्टर, अम्म शिहाता, दूधवाला आणि अर्ध्या फेसातले बाबा. गाडी पुढच्या बाजूने जरा नाक मुरडल्यासारखी हलली आणि पुन्हा बसली. चाकं फिरलीच नाहीत.

"जमिनीनेच धरून ठेवलीय," अम्म शिहाता घाम पुसत म्हणाले. "मी काल बोललो नाही, पण लाल रंग नजर ओढून घेतो."

"तुम्ही काल तेवढं सोडून सगळं बोललात," मी वरून म्हटलं.

मला काय झालंय ते कळलं होतं. ओल्या रंगावर दाबलेले पॅड रात्रभर डिस्कला घट्ट चिकटले होते. त्यात रात्री समुद्रावरून दमट वारा. बाबांनी ब्रेक इतके पक्के केले होते की आता गाडीला ब्रेकशिवाय काहीच उरलं नव्हतं. मी खाली गेले आणि सांगितलं. गर्दीतून कोणी ऐकत नव्हतं, म्हणून वादस्पर्धेतल्या आवाजात सांगितलं.

बाबांनी खाली वाकून चाकाच्या फटीतून पाहिलं. कळलं त्यांनाही. चेहऱ्यावर दिसलं. पण माणसांसमोर कळलेलं कबूल करायला वेगळी पदवी लागते, ती चौकटीत नव्हती.

"इंजिनने ओढली तर सुटेल," डॉक्टर वजदी घड्याळ बघत म्हणाले.

"इंजिन सुरू करायचं नाही," बाबा म्हणाले. "रंग उचकटून निघेल सगळा. आठवडा वाळायला हवा त्याला."

"आठवडा? अहो, माझी सासू वाळेल ना तिकडे स्टेशनवर."

"टॅक्सीने जा."

"सासूला आणायला टॅक्सीने गेलो तर पुढचा आठवडा मी कुठे झोपू? तुमच्याकडे?"

गल्लीत हशा झाला, आणि तो ओसरायच्या आत आई खाली आली. डोक्याला कामावरचा निळा रुमाल, खांद्याला पर्स, हातात चावी. खिळ्यावरची चावी तिने कधी काढली, कोणी बघितलंच नव्हतं. ती गाडीपाशी आली.

"फिक्री, बाजूला हो."

"सोहैर, तू..."

"ती माणसं थांबलीत. बाजूला हो."

बाबा झाले. मला वाटतं, तिच्या सांगण्यावरून ते आजवर एवढ्या झटकन कधीच हलले नसतील. मी पळत जाऊन पलीकडच्या दाराने आत बसले. आईने माझ्याकडे एकदा बघितलं. म्हणाली, "पट्टा लाव." बस.

इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं. तिने पहिला गिअर टाकला आणि क्लच हळूहळू सोडला. गाडी थरथरली, नाक खाली घातलं, आणि मग 'टक्' झालं. लोणच्याच्या बरणीचं घट्ट बसलेलं झाकण निघावं तसं. लगेच दुसरं 'टक्'. गाडी सुटली. मागे टाळ्या वाजल्या.

"आता ब्रेक," आई म्हणाली, आणि दाबला.

गाडी थांबली नाही. पायडल खाली घट्ट होतं, आईचा पाय त्यावर होता, आणि गाडी आपली लोण्यावरून घसरल्यासारखी पुढे चालली होती. आमच्या गल्लीच्या टोकाला कॉर्निश, म्हणजे समुद्राकाठचा मोठा रस्ता आहे, आणि कॉर्निशवर शनिवारी सकाळी कोणी कोणासाठी थांबत नाही. मी दोन्ही पाय डॅशबोर्डवर रोवले. आईने हँडब्रेकचा दांडा धरून सावकाश ओढला. मागच्या चाकांना रंग लागला नव्हता. गाडीचा वेग मोडला.

"उतरायचंय तुला?" तिने विचारलं.

"नाही."

"मग पाय डॅशबोर्डवरून काढ. मी काही आपटणार नाहीये."

तिने कॉर्निशच्या अलीकडेच गाडी डावीकडे वळवली, शाळेच्या भिंतीलगतच्या रस्त्यावर. शनिवारची सुट्टी, रस्ता रिकामा. पहिल्या गिअरमध्ये, एक हात हँडब्रेकवर, ती ब्रेक दाबत आणि सोडत निघाली. दाब, सोड. चाकांतून आधी चिकट आवाज आला, मग करकर, मग खरखर. जळक्या नेलपॉलिशचा वास आत भरला. मी काच खाली केली तर चाकातून चंदेरी धूर निघत होता. आरशात बाबा दिसले. सपाता, पायजमा, फेस. धावत होते. "हळू," ते ओरडत होते, "रंग जातोय."

"काय म्हणतात?" आईने विचारलं.

"रंग जातोय म्हणतात."

"मग बरोबर चाललंय." तिने पुन्हा ब्रेक दाबला.

भिंतीच्या टोकापर्यंत जाऊन आम्ही वळलो, आलो, पुन्हा गेलो. दर वेळी गाडी आधीपेक्षा लवकर थांबत होती. शेवटी आईने जरा वेग घेतला, ब्रेकवर पाय ठेवला, आणि गाडी अशी थांबली की माझी वेणी पुढे आली. आईच्या कपाळावर घाम होता. तिने रुमालाच्या टोकाने तो पुसला आणि आरशात बघून रुमाल नीट केला. मी या बाईला पंधरा वर्षं ओळखते असं मला वाटत होतं.

परत आलो तर डॉक्टर वजदी केव्हाच गेले होते, पण गल्ली तशीच उभी होती. आईने गाडी दुसऱ्या रांगेत लावली. न्यूट्रल, हँडब्रेक खाली. उतरून तिने नुसत्या तळहाताने गाडी दोन पावलं ढकलून दाखवली. कोणी मागितलं नव्हतं. पण तिला दाखवायचं होतं.

बाबा धापा टाकत पोचले आणि चाकापाशी उकिडवे बसले. आत डिस्क लखलखत होती, ना गंज ना रंग. कॅलिपर तेवढा लाल होता, एका बाजूने काळवंडलेला. त्यांनी बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. बोलले. कॅप्टनकडे वळून म्हणाले, "बघितलंत? काय चकाकी आलीय. व्हिनेगरचा गुण."

आणि कॅप्टन काय म्हणाले? हे मी शपथेवर लिहिते. कॅप्टन म्हणाले, "मानलं तुम्हाला, बाशमुहंदिस." अम्म शिहातांनी मान हलवली. दूधवाला म्हणाला की आपल्या मोटारसायकललाही व्हिनेगरच लावून बघतो. सगळ्या पुरुषांनी आळीपाळीने वाकून चकती पाहिली आणि बाबांच्या पाठीवर थाप मारली. आई तिथेच उभी होती, हाताला अजून हँडब्रेकचा वास. तिला कोणी काही म्हटलं नाही. हाग्गा एन्साफ वरून म्हणाल्या, "सोहैर, बाई, जपून चालव हो. नवऱ्याने एवढे कष्ट घेतलेत."

घरी आल्यावर बाबांनी फेस धुतला, चावी आईच्या पर्सवरून उचलली आणि पुन्हा खिळ्याला लावली. टेबलावर फूल, म्हणजे आमच्याकडची बाकल्याची उसळ, आणि गरम भाकऱ्या होत्या. बाबा खुशीत होते. पहिला घास घेऊन म्हणाले, "काम छान झालं. फक्त आता पॅड बघावे लागतील. त्यांच्यावर रंग बसलाय. तसेच चालवणं धोक्याचं. पुढचा शुक्रवार पॅडसाठी ठेवू."

"गॅरेजवाला तासाभरात घासून देईल पॅड," आई म्हणाली.

"बाहेरच्या माणसाच्या हातात ब्रेक देऊ? तू माझ्या जिवाची आहेस, सोहैर."

आईने फोन पालथा ठेवला होता. तिने तो सुलटा केला. मोठ्या डॉक्टरांचा निरोप पडद्यावर तसाच होता, उद्यापर्यंत कळवा. तिचा अंगठा त्यावर जाऊन थांबला. तिने लिहिलं, डॉक्टरसाहेब, माफ करा. एवढंच. मग ती खिडकीबाहेर बघत राहिली. गाडी शाळेच्या भिंतीपाशी घसरत होती तेव्हासुद्धा तिचा चेहरा असा पडलेला नव्हता.

मी भाकरी खाली ठेवली. या वेळी कोणी पैज लावली नव्हती.

"मी एक ठरवलंय," मी म्हटलं. "दोघांनी ऐका, आणि आई, तू तो फोन आधी खाली ठेव. नवी शाखा उघडली की मी शाळेला गाडीने जाणार. आई सोडणार, बोर्ग अल-अरबला जाता जाता. आणि आज दुपारी आम्ही दोघी पॅड घासून घ्यायला गॅरेजमध्ये जाणार आहोत, पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेकवर हात ठेवून. चावी मी आत्ता काढतेय. बाबा, तुम्हाला यायचं असेल तर मागची सीट रिकामी आहे."